गळ्यातली पाहुणी

सकाळी सव्वानऊला लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की बाईंना बाईच सांगायच्या, सांभाळा, दार बंद होतंय. कोड्यात बोलत नाही हो, खरंच तसं होतं. लिफ्टमधला तो इंग्रजी आवाज बाईंचाच होता, फक्त एकोणतिसाव्या वर्षीच्या बाईंचा. आता त्यांना एक्कावन्नावं लागलं होतं, डावा गुडघा कुरकुरत होता, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढत होता. पण लिफ्टमधली ती मुलगी काही म्हातारी व्हायला तयार नव्हती. आवाज संस्थेच्या मालकीचा, कागदावर सही करून दिलेला. संस्थेने तो इमारतीच्या मालकाला देऊन टाकला आणि बाईंना विचारलंसुद्धा नाही.

संस्था चौथ्या मजल्यावर होती आणि तिथे इंग्रजीचे उच्चार शिकवत. फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारे, बाहेर नोकरीला निघालेल्या नर्सा, हॉटेलांतले स्वागतकक्षातले लोक, बंदरातले कर्मचारी, सगळे यायचे. बाईंना मागे सगळे उच्चारबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. शिकवायच्या खोलीच्या मागे आठ केबिनी होत्या. भिंतींना राखाडी स्पंज, खिडकी नाही, दार असं जड की बंद झालं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं. आत एक खुर्ची, एक माइक, एक पडदा आणि पडद्यावर लाल दिवा. माणूस जरा धट्टाकट्टा असला तर दोन्ही कोपरं भिंतींना टेकायची.

या केबिनींत मशीन परीक्षा घ्यायचं. दिवा लागला की समोरचा उतारा वाचायचा. वाचून झालं की शंभरापैकी गुण. ऐंशी पडले तर सुटलात. आणि मशीनने उच्चार तोलायचे कशाशी? तर बाईंच्या आवाजाशी. बावीस वर्षांपूर्वी एका अडगळीच्या खोलीत, भिंतींवर घोंगड्या टांगून, बाईंनी सहा आठवड्यांत तीन हजार वाक्यं वाचली होती, त्यावरच हे यंत्र घडवलं होतं. तुम्ही त्या आवाजाच्या जितके जवळ, तितके गुण जास्त. म्हणजे कोणी नापास झालं की बाईंनीच नापास केल्यासारखं व्हायचं, आणि बाई बाहेर उभ्या.

बरं, तो आवाज तरी बाईंचा होता का? तेविसाव्या वर्षी त्या फोनच्या कामाला लागल्या तेव्हा तिथल्या मास्तरीणबाईंचा एकच दंडक होता. लाल दिवा लागला की घरची तू खोलीच्या बाहेर. हनुवटी जराशी वर, श्वास पोटातून, जीभ दातांच्या मधोमध, 'ऑफ', 'टू' असले लहान लहान शब्द गिळून टाकायचे. मधेच घरचा सूर डोकावला की पहिल्या पानापासून पुन्हा. बाईंनी पहिलं पान इतक्या वेळा वाचलं होतं की शेवटी दिवा लागायचा अवकाश, हनुवटी आपोआप वर जायची. पुढे त्या स्वतः शिकवायला लागल्या तेव्हा हाच दंडक त्यांनी शेकडो पोरापोरींना लावला. रडवलं कितीकांना. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना चष्मा पुसायच्या.

घरी या आवाजाला पाहुणी म्हणत. लेक चार वर्षांची असताना आई फोनवर इंग्रजी बोलायला लागली की ती बाबांकडे पळत जाऊन सांगायची, "बाबा, पाहुणी आली." घड्याळदुरुस्तीवाला नवरा भिंगातून डोळा न काढता म्हणायचा, "चहा विचार तिला." तेव्हापासून तेच नाव पडलं. आता लेक कॉलेजात होती, पण अजून आईने इंग्रजीत फोन घेतला की बापलेकीची नजरानजर व्हायची. बाई हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते, तोवर तरी.

पाच वर्षांपूर्वी बाईंचं मन फिरलं. झालं असं, की जुन्या विद्यार्थ्यांच्या फोनांची ध्वनिमुद्रणं तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. चौऱ्याण्णव गुणांची त्यांची लाडकी विद्यार्थिनी फोनवर सुरेख बोलत होती, आणि पलीकडचा व्यापारी तीनतीनदा म्हणत होता, कृपा करून पुन्हा सांगा. तो व्यापारी कुठल्यातरी तिसऱ्याच देशातला, शाळेत इंग्रजी शिकलेला, तुमच्याआमच्यासारखा. मग फोन शेजारच्या कारकुनाने घेतला. त्याला सहासष्ट गुण होते. त्याने एकेक शब्द नीट ठेवला आणि दोन मिनिटांत काम झालं. बाईंनी असे चाळीस फोन ऐकले. पलीकडे जवळजवळ प्रत्येक वेळी असाच कोणीतरी, इंग्रजी कष्टाने मिळवलेला. ज्या जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी शब्द गिळायला शिकवत होतो ते लोक फोनवर नव्हतेच मुळी. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग त्यांनी चोरून दुसरी शिकवणी सुरू केली. चोरूनच म्हणायचं. तासाचा पहिला अर्धा भाग मशीनसाठी, दुसरा दार लावून. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, मागे वळून बघायचं नाही. चित्र जुळलं तर उच्चार बरोबर, मग जीभ कुठे का लागेना. व्यंजनं खणखणीत, लांब स्वर लांब, महत्त्वाच्या शब्दावर जोर, आणि थांबायचं तिथे थांबायचं. बाकीचे सगळे जिभेचे नखरे. बाईंच्या खणात अशी जुळलेली चित्रं दोन जाडजूड फायली भरून साठली होती.

अशा वेळी बिनतारी त्यांच्या वर्गात आला.

हा बंदरातला रेडिओवाला. वय सत्तेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं नियंत्रण मनोऱ्यावर. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांशी बोलायचं, कोणी कुठे थांबायचं, कोणी कधी आत यायचं, ते सांगायचं. जहाजं बारा देशांची, कप्तान बारा देशांचे. सगळे त्याला बिनतारी म्हणत, कारण गडी रेडिओबाहेरही रेडिओवरच असायचा. कॅन्टीनमध्ये जाऊन म्हणायचा, "एक चहा. पुन्हा सांगतो, एक चहा." पहिल्या दिवशी बाईंना वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. एकोणीस वर्षांची सवय होती ती.

पाठीला पाठ लावून बसवलं तर बिनताऱ्याचं प्रत्येक चित्र जुळायचं. आकडे एकेक सुटे करून सांगायचा, र घोळवायचा, लहानसा शब्दसुद्धा पुरता म्हणायचा. बाईंना वाटे, आपण पाच वर्षं ज्याची स्वप्नं बघतोय ते उच्चार हेच. आणि मशीन त्याला एकसष्ट गुण द्यायचं. लहान शब्द गिळले नाहीत म्हणून कापले, र घोळवला म्हणून कापले, तीनचा आकडा रेडिओच्या शिस्तीप्रमाणे 'ट्री' म्हणाला म्हणून तेही कापले. दोनदा परीक्षा झाली, दोन्हीदा एकसष्ट. बंदराने नवा नियम काढला होता की महिनाअखेरीपर्यंत ऐंशी पडले नाहीत तर रेडिओवरून उचलून वजनकाट्यावर पाठवणार. बाकी सगळे रेडिओवाले ओढूनताणून सुटले, हा एकटा राहिला.

"वजनकाटा वाईट नाही, बाई," तो एकदा खुर्च्या उचलून ठेवताना म्हणाला. "पगार तोच. पण तिथे बोलायचं काही नसतं. ट्रक येतो, आकडा दिसतो, चिठ्ठी निघते."

बाई म्हणाल्या, "थोडं घोळवणं कमी करून बघा ना, भाऊ. परीक्षेपुरतं."

"करतो की. केबिनमध्ये जमतं कधीकधी. पण मागे एकदा दाट धुक्यात एका जहाजाचं सुकाणू अडकलं होतं. चाळीस मिनिटं मी त्या कप्तानाशी बोलत होतो. नंतर त्याने कळवलं, काही दिसत नव्हतं, तुझा आवाज धरून आत आलो." बिनताऱ्याने हातातली खुर्ची भिंतीशी ठेवली. "आता तोच आवाज बदलायचा म्हटलं की जीभ ऐकत नाही हो."

त्या संध्याकाळी बाईंनी पत्र लिहिलं. एक साहेबांना, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापकांना, आणि त्याची प्रत बंदराच्या मॅडमना, ज्यांच्या सहीने हा नियम निघाला होता. लिहिलं की मशीन स्पष्टपणा मोजत नाही, एका बाईची नक्कल मोजतं. बिनताऱ्याला माणसांपुढे बोलवा आणि तपासा. आणि शेवटी, पत्र संपता संपता, एक ओळ वाढवली: मी स्वतः माझ्या साध्या आवाजात वाचलं तर मशीन मलाही नापास करील, हवं तर करून दाखवते.

ही ओळ लिहिली नसती तर? पण लिहिली. आणि खोटी नव्हती ती. लेकीच्या मोबाइलवर मशीनची सरावाची प्रत होती, तिच्यासमोर बाईंनी भांडी घासता घासता उतारा वाचून पाहिला होता. घरच्या सुरात, जसं नवऱ्याला भाजीचं सांगावं तसं, सगळे शब्द पुरते म्हणत. त्रेसष्ट. लेक इतकी हसली की मोबाइल सिंकमध्ये पडता पडता वाचला. "आई, पाहुणी आज गावाला गेलीय." आठ दिवस बाई रोज वाचत होत्या, ओट्यापाशी, कपडे वाळत घालताना, आणि रोज साठ ते पासष्टच्या मधे. त्यांना त्या आकड्याचा एवढा आनंद व्हायचा की नवरा म्हणाला, "नापास व्हायला एवढा अभ्यास करणारी तूच पहिली." बाईंना कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. स्वतःचं इंग्रजी कानाला कसं लागतं, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

बंदराच्या मॅडम सरळ बाई होत्या. त्यांनी उत्तर पाठवलं की नियम बदलायचा तर मशीन चुकतं हे माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध व्हायला हवं, कागदावर यायला हवं. तसं झालं तर बिनतारी मनोऱ्यावरच राहील, त्याची परीक्षा कप्तान घेतील. अठ्ठावीस तारीख ठरली. मॅडमनी येताना धक्क्यावर थांबलेल्या दोन जहाजांचे कप्तान सोबत आणले. एक उंच, पांढऱ्या भुवयांचा. दुसरा ठेंगणा, सारखा घाम पुसणारा. दोघांच्या मायबोल्या वेगळ्या, बिनताऱ्याची तिसरी.

खुर्च्या मांडल्या. दोघे कप्तान भिंतीकडे तोंड करून कागद घेऊन बसले, त्यांच्या पाठीला पाठ लावून बिनतारी. बाईंनी त्याच्या हातात न पाहिलेलं चित्र दिलं: धक्का, दोन क्रेन, एक शिडी, चार खिडक्यांचं घर आणि त्याच्या उजव्या अंगाला कुत्रा. बिनताऱ्याने पहिलं वाक्य उच्चारलं आणि पांढऱ्या भुवयांचा कप्तान कागद सोडून मागे वळला. वळायचं नाही म्हटलेलं तो विसरला. "हा तर मनोऱ्यावरचा," तो इंग्रजीत म्हणाला. "सात वर्षं ऐकतोय याला, आज तोंड बघितलं." सगळे हसले, साहेबसुद्धा.

दोन्ही चित्रं जुळली. क्रेन दोन, खिडक्या चार, कुत्रा उजवीकडे. ठेंगण्या कप्तानाच्या कुत्र्याला पाच पाय होते, पण तो चित्रकलेचा दोष, उच्चारांचा नव्हे. मग बिनतारी केबिनमध्ये गेला, उतारा वाचला, पडद्यावर एकसष्ट आले. मॅडमनी चित्रांकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. आवाजात काही खोडसाळपणा नव्हता, उलट अदबच होती. "चित्र जुळलं म्हणून मशीन चुकलं, असं होत नाही. दोघा कप्तानांना त्याच्या आवाजाची सवय असेल. पण बाईंनी पत्रात लिहिलंय की त्यांनाही मशीन नापास करील. तसं झालं तर मी स्वतः कागदावर सही करतो. या मशीनमध्ये बाईच आहेत, आणि बाईच बाईंपुढे नापास झाल्या तर मग बोलायलाच नको."

मॅडम म्हणाल्या, "रास्त आहे. बसा, बाई."

बाई हसतच केबिनमध्ये शिरल्या. आठ दिवस घासलेली भांडी डोळ्यांपुढे होती. दार लागलं, कानांना दडे बसले, कोपरं भिंतींना टेकली. उतारा तोच, पाठ झालेला. मनात म्हणाल्या, भाजीचं सांगतेय, भाजीचं सांगतेय.

लाल दिवा लागला.

हनुवटी वर गेली. बाईंनी नेली नाही, ती गेली. श्वास पोटातून आला, जीभ दातांच्या मधोमध गेली, आणि बाईंना स्वतःच्या तोंडून लिफ्टमधली मुलगी ऐकू आली. पहिल्या ओळीला त्यांना वाटलं, थांबवता येईल. दुसऱ्या ओळीला त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. लहान शब्द एकामागून एक गिळले जात होते, सुरेख, सराईत, आणि बाई आत बसून ते ऐकत होत्या, दुसऱ्याच्या घरात अडकल्यासारख्या. उतारा संपेपर्यंत त्या स्वतःला कुठेच सापडल्या नाहीत. पडद्यावर शहाण्णव आले.

त्या दार ढकलून बाहेर आल्या. "पुन्हा घ्या," म्हणाल्या. "हे मी नव्हते. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. या वेळी त्यांनी दिवा लागताच डोळे मिटून घेतले, उतारा तर तोंडपाठ होताच. तरीही सत्त्याण्णव.

"दिवा बंद करून घ्या एकदा," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मात्र पुरता घरचा होता. "दिवा नसला की मी साधं बोलते, साहेब. घरी मोबाइलवर दिवा नसतो, तिथे रोज त्रेसष्टच्या आसपास पडतात मला. लेकीला विचारा."

साहेबांनी खेदाने मान हलवली. "दिवा नसला तर हे मशीन ऐकतच नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे." मग जरा हळू म्हणाले, "आणि मुद्दाम वाईट वाचलं तर कोणालाही त्रेसष्ट पडतील. तुम्ही बिनताऱ्यासाठी किती मनापासून करताय ते कळतंय मला."

मुद्दाम वाईट. बाईंना वाटलं, ओरडून सांगावं की बाबा रे, तेच तर माझं खरं. पण काय पुरावा होता? मॅडमनी पेनला टोपण लावलं. त्या काही निर्दयी नव्हत्या. बिनताऱ्याला दर महिन्याला परीक्षा देता येईल, ऐंशी पडले की मनोऱ्यावर परत, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. तोवर वजनकाटा. पांढऱ्या भुवयांच्या कप्तानाला हे सगळं काय चाललंय ते नीट कळलं नाही. त्याने बिनताऱ्याचा हात हातात घेऊन विचारलं, उद्या पहाटे निघताना तूच असशील ना? बिनतारी म्हणाला, उद्या आहे. उद्याचा दिवस आहे.

सगळे गेल्यावर बाई खुर्च्या उचलत होत्या. एक खुर्ची त्यांनी तीनदा उचलली आणि तीनदा तिथेच ठेवली. "भाऊ, मी बुडवलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं ती माझ्या हातात आहे."

कोण ती, ते बिनताऱ्याने विचारलं नाही. त्याने खुर्ची त्यांच्या हातून घेतली आणि भिंतीशी लावली. "तुमची चूक नाही, बाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगतो. तुमची चूक नाही."

घरी लेक दारातच वाट बघत होती. "किती पडले? साठ?" आईचा चेहरा पाहून ती दारातून बाजूला झाली. नवऱ्याने भिंग बाजूला काढून ठेवलं. बाई म्हणाल्या, "पाहुणी आली होती." त्या दिवसापासून घरात तो शब्द कोणी काढला नाही. बाई ओट्यापाशी वाचायच्याही बंद झाल्या.

आता दर गुरुवारी काट्यावरची पाळी संपवून बिनतारी येतो. चार नंबरच्या केबिनमध्ये बसतो, कानांना हेडफोन लावतो आणि सरावाचं मशीन सुरू करतो. गेल्या महिन्यात त्याला एकाहत्तर पडले. साहेब म्हणाले, प्रगती आहे. बाईंनी पाठीला पाठ लावून त्याला एकदा चित्र सांगायला बसवलं, तर पाठीमागच्या नर्सबाईने वळून विचारलं, पुन्हा सांगता का? बिनताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पुन्हा सांगा म्हटलं होतं. बाईंनी ते चित्र फायलीत लावलं नाही.

काल गुरुवार होता. चार नंबरचं दार नीट लागलं नव्हतं, बोटभर फट होती, आणि हेडफोनची तार निघाली होती म्हणून आतला आवाज बाहेर येत होता. बाई दार लावायला गेल्या आणि तिथेच थबकल्या. आत बिनतारी हनुवटी जराशी वर करून बसला होता. त्याने वाक्य म्हटलं, लहान शब्द गिळले, र सपाट केला. एकोणतीस वर्षांची ती गोड मुलगी त्याला इंग्रजीत म्हणाली, छान प्रयत्न, पुन्हा म्हणा.

"हो, बाई," बिनतारी मशीनला म्हणाला, आणि त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.